रंकाळा की प्रयाग चिखली : जोडीने सायकल फिरवण्यासाठी

जोडीदारासोबत निवांत सायकल चालवायची असेल तर कोल्हापुरात रंकाळा तलावाचा काठ आणि शिवाजी पुलावरून आंबेवाडीमार्गे प्रयाग चिखलीला जाणारी वाट असे दोन उत्तम पर्याय आहेत. रंकाळा घराजवळचा आहे, आणि पाण्यात उभा असलेला संध्यामठ व १९३०च्या दशकात काळ्या दगडात बांधलेला शालिनी पॅलेस पाहत, हवे तिथे थांबत, सायकलची फारशी सवय नसलेल्या माणसालाही तो सहज झेपतो. मात्र संध्याकाळी चौपाटीच्या बाजूला भेळेच्या गाड्यांभोवती इतकी गर्दी होते की दोघांना सलग बोलत जाणे अवघड होते, म्हणून तिथे पहाटेच जावे.

चिखलीची वाट मला अधिक प्रिय आहे. पूल ओलांडल्यावर थोडा वेळ रत्नागिरी रस्त्यावरील वाहनांमुळे एकामागे एक चालावे लागते, पण गावाकडे वळल्यावर दोन्ही बाजूंना ऊस लागतो, सपाट रस्त्यामुळे दम लागत नाही आणि शेवटी कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या पाण्यातून पंचगंगा आकाराला येते तो संगम समोर दिसतो. पावसाळ्यात हा मार्ग पूर्णपणे टाळावा, कारण २०१९च्या महापुरात आंबेवाडी व चिखली ही दोन्ही गावे पाण्याने वेढली गेली होती. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या सुरू होण्याआधी, सकाळी लवकर निघावे. सोबतीण किंवा सोबती नवशिका असेल, तर आधी काही दिवस रंकाळा आणि मगच चिखली हा क्रम योग्य ठरेल.