मुख्याध्यापकांचा सशुल्क नेतृत्व कोर्स: वर्षभराचा अनुभव, आणि ते दोन तास

प्रमाणपत्र आलं आणि त्यावर 48 तास छापलंय. कोर्स 50 तासांचा, पैसे 50 तासांचे, माहितीपत्रकावर तांबड्या गोलात ‘50 तास’. म्हणून लिहायला बसले, नाहीतर मार्चमध्ये कुणाला सवड आहे? आमच्याकडे दहावीचं केंद्र आहे.

कंपनीचं नाव घेत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक यांच्यासाठी असे कोर्स सध्या बरेच जण विकतात आणि साचा सगळ्यांचा एकच आहे. ॲपवर व्हिडिओ आणि चाचण्या, अधूनमधून हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यशाळा, आणि एकदा त्यांचा माणूस तुमच्या शाळेत येऊन दिवसभर तुमच्यासोबत राहतो. मी 16,000 भरले, वर जीएसटी वेगळा. निम्मे संस्था देणार असं ठरलं होतं. सचिव साहेब अजून ‘बघू’ म्हणताहेत.

दोन तासांत काय एवढं, असं वाटणाऱ्यांसाठी सांगते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकांनी वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आहे, आणि पुढच्याच परिच्छेदात मुख्याध्यापकांनाही 50 किंवा त्याहून जास्त तास लावलेत. 48 हा आकडा तिथे कुठेच नाही. शेजारच्या शाळेचे सर म्हणाले, “सोडा की मॅडम, कोण विचारतंय?” आज कुणी विचारत नाही, खरं आहे. पण शिक्का पुसट आहे म्हणून माझी फाईल एकदा परत आलेली आहे. ज्या दिवशी विचारतील त्या दिवशी पोर्टलवरचा रकाना 50 च मागेल, आणि ‘दोन तास गड्ड्यात गेले’ असं लिहायला त्यात जागा नसेल.

गड्ड्यातच गेले, अक्षरशः. गड्डा म्हणजे आमची सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. या लोकांनी जानेवारीतली कार्यशाळा नेमकी यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी ठेवली. ज्या दिवशी हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, निम्मं सोलापूर पांढऱ्या बाराबंदीत रस्त्यावर असतं आणि संमती कट्ट्याकडे जाणारी गल्लीन्गल्ली बंद असते, त्या दिवशी सात रस्त्याजवळच्या हॉटेलात सकाळी दहाला हजेरी! पुण्यात बसून कॅलेंडर लावलं की असं होतं. आम्ही सगळ्यांनी आरडाओरडा केल्यावर दिवस बदलला, पण बदललेल्या दिवशी हॉल संध्याकाळपर्यंत मिळाला नाही, म्हणून शेवटचे दोन तास ‘ऑनलाइन घेऊ’ म्हणाले. घेतलेही. मी पूर्ण वेळ कॅमेरा चालू ठेवून बसले होते. त्यांच्या यंत्रणेत मात्र ऑनलाइन हजेरीचं खातं वेगळं आणि कार्यशाळेचं वेगळं, आणि ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत.

16,000 भागिले 50 म्हणजे तासाला 320. दोन तासांचे 640 रुपये. हा हिशोब मी त्यांना मेलमध्ये मांडून पाठवलाय. उत्तर आलं, “आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.”

आता कोर्सबद्दल. ऑगस्टमध्ये मुख्याध्यापक संघाच्या बैठकीत मला कुणी विचारलं तेव्हा मी ‘घेऊ नका’ म्हटलं होतं, आणि ॲपपुरतं माझं मत आजही तेच आहे. व्हिडिओ पुढे सरकवता येत नाही. मध्ये फोन आला की पहिल्यापासून. वेळेच्या नियोजनावरचं अख्खं प्रकरण एखाद्या कंपनीच्या मॅनेजरसाठी केलेलं आहे, फक्त ‘कर्मचारी’च्या जागी ‘शिक्षक’ घातलंय. त्यातला प्रशिक्षक हसतमुखानं सांगतो की कामं वाटून द्या. कुणाला? आमचे क्लार्क निवृत्त झाले, ती जागा भरलेली नाही. यू-डायस, अपार आयडी, शिष्यवृत्तीचे फॉर्म, शालार्थवरची पगारबिलं, पोषण आहाराची रोजची नोंद, हे सगळं मी आणि एक ग्रंथपाल मॅडम मिळून ओढतो. वाटून द्यायला माणूस लागतो, हे त्या प्रकरणात कुठेच नाही.

नेतृत्वाचं उदाहरण म्हणून डिसले गुरुजींची स्लाइडही होती. “सोलापूरजवळच्या एका छोट्या गावातल्या शिक्षकानं 2020 चं ग्लोबल टीचर प्राइज मिळवलं, तुम्हाला माहीत आहे का?” अहो, परितेवाडी माढा तालुक्यात आहे. हॉलमधले निम्मे लोक त्याच रस्त्यानं आलेले होते.

एक व्हिडिओ मात्र डोक्यात राहिला. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिलं, की मुख्याध्यापकाच्या कुठल्या कामाचा मुलांच्या शिकण्यावर किती परिणाम होतो. आकडा जितका मोठा, तितका परिणाम जास्त. शिस्तीचं, सुरक्षित वातावरण ठेवणं: 0.27. साधनं आणि पैसा योग्य जागी लावणं: 0.31. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सहभागी होणं: 0.84. आकडे मोजक्या अभ्यासांवरचे आहेत, हे व्हिडिओत सांगत नाहीत, ते मी शोधून वाचलं. तरी पण पाहा, सकाळी मी गेटवर उभी असते ते 0.27 मध्ये. दुपारी फॉर्म भरते ते तर कुठल्याच ओळीत नाही.

आमच्याकडे माणूस मुख्याध्यापक होतो कसा, हेही लक्षात घ्या. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे पदवी, बी.एड., पाच वर्षांचा अनुभव आणि ज्येष्ठता. 31 मे रोजी आधीचे सर निवृत्त होतात आणि 1 जूनला त्या खुर्चीत तुम्ही. मधे काहीच नाही. कपाटाच्या किल्ल्या मिळतात आणि चार्ज यादीवर सही होते. म्हणूनच लोक असे कोर्स घेतात.

फुकटचं काय आहे, तेही सांगते, कारण विकणारे ते सांगत नाहीत. दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेत 2012 पासून राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र आहे, त्यांचा शाळा नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा ऑनलाइन कोर्स मोफत आहे. ‘निष्ठा’ हे केंद्र सरकारचं प्रशिक्षण 2019 मध्ये सुरू झालं, त्याच्या पूर्ण नावात शाळाप्रमुख शिक्षकांच्याही आधी येतात. ते पुढे ‘दीक्षा’ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन आलं, त्यातही नेतृत्वाचं प्रकरण आहे. आमच्या जिल्ह्याची डाएट, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाची सरकारी संस्था, वेळापूरला, म्हणजे सोलापूर शहरापासून शंभरेक किलोमीटर. अक्कलकोटवाल्यांना त्याहून लांब. ॲपवरचं जे काही मी पैसे देऊन पाहिलं, त्यातलं बहुतेक सगळं या फुकटच्या साहित्यात आहे, आणि तिथे व्हिडिओ पहिल्यापासून सुरू होण्याचा त्रास कमी आहे.

ॲपबद्दलचं आणि फुकटच्या साहित्याबद्दलचं हे मत मी दिवाळीतच लिहून ठेवलं होतं. मग डिसेंबरमध्ये शाळाभेट झाली.

आलेले गृहस्थ लातूरकडचे निवृत्त मुख्याध्यापक. चहा घेतला, शेंगा चटणीची चौकशी केली आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं लॉगबुक दाखवा.” पाठनिरीक्षणाचं लॉगबुक कुठल्याही शाळेतलं काढा, वाक्यं तीच. फलकलेखन सुवाच्य. वर्गनियंत्रण चांगले. शैक्षणिक साधनांचा वापर वाढवावा. त्यांनी ते मिटलं, कोरा कागद घेतला, मधे रेघ मारली. डावीकडे शिक्षक काय म्हणाले, उजवीकडे मुलं काय म्हणाली. मत लिहायचं नाही. चांगलं-वाईट लिहायचं नाही. मागच्या बाकावर बसायचं.

सातवीचा विज्ञानाचा तास होता, ‘उष्णता’. आमचे सर तरुण आहेत, तयारी करून येतात, वहन-अभिसरण-प्रारण फळ्यावर तीन रंगांत. माझ्या कागदाचा डावा रकाना भरभर भरत गेला. उजव्या रकान्यात “होऽ”, पुन्हा “होऽ”, मग खिडकीकडच्या त्याच त्या मुलाचं उत्तर, मग “होऽ”. आमची शाळा पूर्व भागात, बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. माझ्या पुढच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीच्या कानात काहीतरी तेलुगूत म्हणाली. शेजारणीनं तेच मराठीत करून हळूच म्हटलं, “मग आई पातेलं उतरवताना फडकं का घेते?” इतका चांगला प्रश्न फळ्यापर्यंत पोचलाच नाही. मी उजव्या रकान्यात लिहून ठेवला.

नंतर सर माझ्या खोलीत आले, दारातच म्हणाले, “काही चुकलं का मॅडम?” बोलावणं आलं की मेमो, हीच सवय सगळ्यांना. लातूरच्या सरांचा नियम होता, की मुख्याध्यापकानं आधी बोलायचं नाही. कागद समोर ठेवायचा आणि गप्प राहायचं. मला ते फार जड गेलं, कारण माझा स्वभाव तसा नाही. विज्ञानाच्या सरांनी कागद वाचला. डावीकडचं ‘समजलं का?’ बोटानं मोजत गेले. मग म्हणाले, “मुलं काही बोललीच नाहीत की.” मी काहीच म्हटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपणहून एक गोष्ट सुरू केली: प्रश्न विचारला की आधी शेजाऱ्याशी बोला, कुठल्याही भाषेत, मग हात वर करा. तो फडक्याचा प्रश्न त्यांनी स्वतःच फळ्यावर घेतला.

त्यानंतर मी हा दोन रकान्यांचा कागद बहुतेक सगळ्या वर्गांत वापरलाय. सगळीकडे चालत नाही. ज्येष्ठ शिक्षकांपैकी एकांनी कागद उलटा ठेवला आणि ‘पाठ टाचण तपासलंत का?’ एवढंच विचारलं. एका मॅडमना वाटलं मी पुरावे गोळा करतेय. कार्यालयात न बोलावता मधल्या सुट्टीत त्यांच्याच वर्गात बसायला लागले, तेव्हा जरा सैल झालं. ॲपवर हाच विषय ‘प्रतिपुष्टी’ या नावानं आहे आणि त्यातून काहीही हाताला लागत नाही. माणूस शेजारी बसून गप्प राहायला शिकवतो, ते व्हिडिओला जमत नाही.

म्हणून ऑगस्टचं मत बदलतेय, पण अर्धंच. शाळाभेटीचा दिवस 16,000 मधल्या निम्म्या रकमेच्या लायकीचा नक्की आहे. उरलेले निम्मे ॲप, हॉटेलचं पनीर आणि कंपनीचं नाव छापलेली पिशवी यांत गेले. नवीन मुख्याध्यापक असाल तर आधी फुकटचं करा. मग कुठलाही सशुल्क कोर्स घेताना लेखी विचारा की शाळेत कोण येणार, त्यानं स्वतः शाळा चालवली आहे का, आणि एकदाच येणार की परत येणार. आमच्याकडे परत कुणी आलं नाही. सहा आठवड्यांनी दुसरी भेट असती तर त्या ज्येष्ठ सरांचा कागद कदाचित सरळ झाला असता. आणि हो, तास कसे मोजणार तेही लेखी घ्या.

तासांची ताजी स्थिती अशी: हेल्पलाइनवरचा मुलगा नम्र आहे, पण ‘मॅम, सिस्टममध्ये 48 दाखवतंय’ याच्या पुढे जात नाही. मी ऑनलाइन सत्राचे कॅमेऱ्यासह स्क्रीनशॉट पाठवलेत. त्यांनी उलट सुचवलं की ‘तणावमुक्त नेतृत्व’ हा दोन तासांचा वाढीव कोर्स सवलतीत 499 ला घ्या, म्हणजे 50 पूर्ण होतील. नकार कळवलाय. 640 परत द्या किंवा 50 छापून द्या.

पुढच्या वर्षी आमच्या पर्यवेक्षकांना पाठवायचं सचिव साहेबांच्या मनात आहे. मी कंपनीला लिहिलंय की ॲप नको, हॉटेल नको, नुसत्या दोन शाळाभेटींचा दर सांगा, आणि येणार असतील तर लातूरचेच सर पाठवा. दरपत्रक आलं की आकडा इथेच टाकते.