पुस्तकावरचा स्पोर्ट्स पिक्चर येतोय, मग ऑस्कर पूलमध्ये टिक कुठे मारायची?

दर एक-दोन वर्षांनी असा एक येतोच. गाजलेलं पुस्तक, खरी गोष्ट, कुणी विचारत नसलेली टीम, मोठा स्टार, आणि ट्रेलर पडला रे पडला की ग्रुपवर सुरू, यंदा ऑस्कर हाच मारणार. नॉमिनेशन मिळेलही हो, पण पूलमध्ये, म्हणजे मित्रमंडळींच्या 'कोण जिंकणार' ओळखायच्या खेळात, पॉइंट ऑस्करची बाहुली घरी आणण्याचे असतात ना.

म्हणून आधी दोन पिक्चर शेजारी ठेवून बघा, दोन्ही लेखक मायकल लुईसच्याच पुस्तकांवरचे. 'मनीबॉल' (२०११) आणि 'द ब्लाइंड साइड' (२००९). मला विचाराल तर मनीबॉल कितीतरी सरस, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसलं तरी माणूस खिळून बसतो. त्याला नॉमिनेशन सहा, पिक्चर, ब्रॅड पिट, जोना हिल, पटकथा, एडिटिंग, साउंड, आणि हातात काय आलं तर भोपळा. ब्लाइंड साइडला दोनच, त्यातलं बेस्ट पिक्चरचं तर त्या वर्षी पाचाच्या दहा जागा केल्या म्हणून मिळालं असावं, पण सँड्रा बुलक बाहुली घेऊन गेली. कारण माझ्या मते सरळ आहे. मनीबॉलचा खरा हिरो खेळाडू निवडायची आकडेमोड आहे आणि पिट सगळं आतल्या आत ठेवून काम करतो, उलट बुलकचा रोल पहिल्या सीनपासून पडदा ताब्यात घेतो आणि वर पिक्चरने जगभरात ३० कोटी डॉलरच्या वर गल्ला केलेला, म्हणजे मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो बघितलेला असणारच.

हाच हिशोब मागे नेला तरी जुळतो. 'सीबिस्किट' (२००३), रेसच्या घोड्याची गोष्ट, लॉरा हिलनब्रँडच्या प्रचंड खपाच्या पुस्तकावरचा, सात नॉमिनेशन, त्यात अॅक्टिंगचं एकही नाही, आणि सातही गेली. बिचाऱ्याचं नशीबही वाईट, सातपैकी सहा ठिकाणी समोर त्या वर्षी सगळं जिंकत सुटलेला 'रिटर्न ऑफ द किंग' होता. पुढच्याच वर्षी 'मिलियन डॉलर बेबी', एफ. एक्स. टूलच्या बॉक्सिंगवरच्या कथांमधून आलेला, त्यालाही नॉमिनेशन सातच पण बाहुल्या चार, पिक्चर, दिग्दर्शक ईस्टवूड, हिलरी स्वँक आणि मॉर्गन फ्रीमन. पटकथा मात्र तिथेही हुकली.

आणि पुस्तक किती खपलं यावर तर अजिबात जाऊ नका. २०२३ मध्ये जॉर्ज क्लूनीचा 'द बॉइज इन द बोट' आला, पुस्तक तुफान गाजलेलं, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकची नौकानयनाची गोष्ट, ख्रिसमसची रिलीज, सगळं कसं ऑस्करसाठीच मांडल्यासारखं, आणि नॉमिनेशन एक पण नाही. त्याच सीझनला 'नायड', पोहणाऱ्या डायना नायडच्या आत्मकथनावरचा, पिक्चर म्हणून ठीकठाकच, तरी अॅनेट बेनिंग आणि जोडी फॉस्टर दोघींना नॉमिनेशन. बोटीत आठ वल्हेकरी आणि बोटीला दिशा देणारा एक कॉक्स, त्यात चेहरा कुणाचा लक्षात ठेवायचा?

एडिटिंग हा दुसरा टिकाऊ रस्ता आहे, खेळ पडद्यावर उभा राहतो तो तिथेच. 'रेजिंग बुल' (१९८०) बॉक्सर जेक लामोटाच्या आत्मकथनावरचा, आठ नॉमिनेशन आणि बाहुल्या दोनच, डी नीरो आणि एडिटर थेल्मा शूनमेकर. बेस्ट पिक्चर त्या वर्षी 'ऑर्डिनरी पीपल'ला गेलं, यावर अजूनही लोक भांडतात, मीही भांडतो.

तर येणाऱ्या पिक्चरला मी असा लावेन. गोष्ट एका माणसाची असेल आणि त्याला रडायला, ओरडायला, शरीर बदलायला वाव असेल तर अॅक्टिंगला बिनधास्त टिक. अख्ख्या टीमची किंवा एखाद्या पद्धतीची गोष्ट असेल तर नॉमिनेशनच्या पूलमध्ये घ्या, फायनलला सोडा. पटकथेवर तर मी पॉइंट लावणारच नाही, पुस्तक कितीही आवडतं असलं तरी. बेस्ट पिक्चरला तेव्हाच हात घाला जेव्हा दिग्दर्शकाचं नाव पण चर्चेत असेल, नुसत्या स्टारवर नको. मॅच भरपूर दाखवल्या असतील तर एडिटिंगला छोटासा डाव टाका. आणि स्टार जुना, लाडका, अजून बाहुली न मिळालेला असेल तर थोडं जास्त लावा, पॉल न्यूमनला 'द हसलर'मधल्या (१९६१) बिलियर्ड्स खेळणाऱ्या एडी फेल्सनसाठी नुसतं नॉमिनेशन मिळालं होतं, त्याच एडीसाठी बाहुली मिळाली ती २५ वर्षांनी, 'द कलर ऑफ मनी'ला, आणि दोन्ही पिक्चर वॉल्टर टेविसच्याच कादंबऱ्यांवरून आलेले.