होडीचा ठावठिकाणा: फ्लोट की डबल?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून सुटणाऱ्या होड्यांच्या जीपीएस नोंदी साठवायच्या, तर आकडे फ्लोटमध्ये ठेवायचे की डबलमध्ये? हे दोन्ही संगणकात दशांश संख्या साठवायचे प्रकार: फ्लोट ३२ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ची एक जागा), डबल ६४ बिटांचा. दोघांचे नियम आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १९८५च्या ७५४ क्रमांकाच्या मानकातले. फ्लोटमध्ये साधारण ७ दशांश अंक भरवशाचे, डबलमध्ये १५-१६.

रत्नागिरीचा रेखांश ७३ अंशांच्या थोडा पुढे. ६४ ते १२८ या पट्ट्यात फ्लोटच्या दोन शेजारच्या संख्यांमध्ये ०.०००००७६ अंशाचं अंतर (म्हणजे एक पायरी) असतं, म्हणजे इथे जमिनीवर सुमारे ८० सेंटीमीटर. अक्षांश १७च्या आसपास, आकडा लहान, म्हणून पायरीही लहान: २१ सेंटीमीटर. नांगरलेली होडी याहून जास्त डुलते, तेव्हा फ्लोट चालून जातो, वर जागाही निम्मी लागते. डबलची पायरी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागेल. एवढ्या बारकाईचं जीपीएसच नाही.

पण वेळ? युनिक्स वेळेचा, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांचा, आकडा आता १७० कोटी सेकंदांच्या वर गेलाय. तिथे फ्लोटची पायरी तब्बल १२८ सेकंद! दर दहा सेकंदांनी नोंद घेतली तर डझनभर नोंदींवर एकच वेळ पडते, आणि होडी जागच्या जागी उड्या मारल्यासारखी दिसते. मी हा घोळ घातलाय, जीपीएसला शिव्या देऊन झाल्यावर कळलं. इथे डबलच हवा. त्याची पायरी पाव मायक्रोसेकंदाची.

मासळीच्या लिलावाचा हिशेब मात्र दोघांकडेही देऊ नका. डबलमध्येसुद्धा ०.१ + ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४, कारण ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १च्या) पद्धतीत लिहायला गेलं तर कधी संपतच नाही. रुपयांचे पैसे करा आणि पूर्णांकात ठेवा.