कॅमेरे आमच्या घरात, मालक दुसराच

घरात वायफायचे कॅमेरे बसवून घेणार असाल, तर आधी हे वाचा. आमचे ३६ हजार गेले. पण सासूबाईंच्या खाटेसमोरचा कॅमेरा पाच महिने एका परक्या माणसाच्या ताब्यात होता, हे मला अजूनही सहन होत नाही.

आम्ही ठाण्याला, घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहतो. श्रावणात आई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. आम्ही दोघंही नोकरीला, दिवसभर घरी फक्त आई आणि त्यांना सांभाळणाऱ्या मावशी. सोसायटीच्या ग्रुपवर एकाचा नंबर मिळाला. चार कॅमेरे, दाराचं स्मार्ट कुलूप, काही प्लग-बल्ब आणि ‘तीन वर्षांचं क्लाउड’ (म्हणजे रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर साठवायची सोय) असं सगळं तो लावून देणार होता. बिलाचं विचारलं तर म्हणाला, “ताई, पक्क्या बिलाला अठरा टक्के जीएसटी पडेल, कशाला उगाच? वॉरंटीचं मी बघतो ना.” मी हो म्हटलं. वहीच्या कागदावर आकडे लिहून त्याने सही केली. पुढचं सगळं त्या कागदापाशी येऊन अडलं.

बसवताना त्याने वायफायचा पासवर्ड मागितला, सगळं आधी स्वतःच्या मोबाइलवर जोडलं, मग माझा फोन घेऊन चित्र दाखवलं. आई खाटेवर बसून चहा पिताना दिसल्या. मला बरं वाटलं.

पंधरा दिवसांत नेट रडायला लागलं. ह्यांच्या मीटिंगमध्ये आवाज तुटायचा, लेकीचा व्हिडिओ गोल गोल फिरत राहायचा. त्या माणसाला बोलावलं, तर “एवढी डिव्हायसेस म्हटल्यावर होणारच” म्हणून वायफायचा पल्ला वाढवणारा २,८०० रुपयांचा बूस्टर लावून गेला. फरक काहीच पडला नाही. शेवटी जानेवारीत ब्रॉडबँडवाल्याचा मुलगा आला. त्याने राउटरची वायर सरळ लॅपटॉपला लावली: १०० एमबीपीएसच्या (नेटच्या वेगाचं माप) प्लॅनवर ९६. कॅमेरे बंद होते. ते चालू करून बूस्टरच्या वायफायवर आतल्या खोलीत मोजलं, तर ९.

त्या मुलाने फार नीट समजावलं. बल्ब आणि प्लग नेट जवळपास खातच नाहीत, खातात ते कॅमेरे. चोवीस तास पाठवायच्या सेटिंगवरचा एक एचडी कॅमेरा साधारण २ एमबीपीएस वेगाने सतत अपलोड करत, म्हणजे घरातून वर नेटवर पाठवत असतो. चार म्हणजे ८, आणि आमच्या प्लॅनचं अपलोड होतं १०. वर जायचा रस्ता तुंबला की खाली येणारंही अडतं, कारण आलेल्या माहितीची पोच वरच पाठवावी लागते. त्यात तो स्वस्तातला बूस्टर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर बोलतो, त्यामुळे त्याच्यावरून चालणाऱ्याचा वेग निम्म्यावर येतो. कॅमेरे चोवीस तासांऐवजी हालचाल झाली तरच पाठवतील असं सेटिंग करून बूस्टर काढला, तसं नेट लगेच मोकळं झालं. एक पैसा न घालता!

मग त्याने राउटरचं पान उघडलं आणि तो गप्पच झाला. राउटर बाहेरून उघडता येईल असं सेटिंग चालू होतं, आणि लॉगिन ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने कंपनीचे मूळ पासवर्ड न बदललेले असेच लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या होत्या. म्हणजे आमचं राउटर कुणालाही वापरता आलं असतं.

खरा धक्का अ‍ॅपमध्ये बसला. मुलाने कॅमेऱ्याचं सेटिंग उघडून मला दाखवलं: ‘शेअर केलेलं डिव्हाइस’. मालक म्हणून त्याच माणसाचा नंबर, मधले आकडे फुल्यांनी झाकलेले. मी नुसती पाहुणी. पुढे दाराचं कुलूपही बघितलं, तेही त्याच्याच नावावर. आणि तीन वर्षांचं क्लाउड ही कंपनीची ३० दिवसांची फुकट ट्रायल होती, ती केव्हाच संपलेली.

फोन केला तर शांतपणे म्हणतो, “ताई, ते मेंटेनन्ससाठी असतं. नावावर करायचं तर साडेचार हजार होतील.” त्यानंतर त्याने फोनच उचलला नाही. रिसेटचं बटण दाबून पाहिलं, उपयोग नाही. मालकी कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेली असते. कंपनी म्हणाली, पक्कं बिल पाठवा, मालकी काढून देतो. बिल कुठून आणणार?

यूपीआयची पावती आणि अ‍ॅपचे स्क्रीनशॉट लावून सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली आहे. सायबर फसवणुकीसाठीचा हेल्पलाइन नंबर १९३० आणि ग्राहकांसाठीचा १९१५, दोन्हीकडे फोन केले. पैसे अजून आलेले नाहीत. चारही कॅमेरे आणि कुलूप काढून टाकलं. आता पक्क्या बिलाचा एकच कॅमेरा आहे. तो मी स्वतः माझ्या नंबरवर सुरू केला, गेस्ट नेटवर्कवर (राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) ठेवला आणि त्याचं तोंड दाराकडे केलं. आईंच्या खाटेकडे नाही. राउटरचा पासवर्ड बदलला, बाहेरून उघडण्याचं सेटिंग बंद केलं.

ज्या तीन घरी आधी त्याने काम केलं होतं, त्यांच्याकडे मी स्वतः गेले. सातव्या मजल्यावरच्या काकूंच्या नातीच्या खोलीत कॅमेरा आहे. त्यांचा फोन घेऊन सेटिंग उघडलं. शेवटचे तेच दोन आकडे. काकूंनी तिथल्या तिथे स्टूल ओढलं आणि मी वर चढून वायर काढली.