नेट झकास, पण पोर्ट उघडायला जाल तर थांबा : देवगडकडच्या लोकल फायबरचा दीड वर्षाचा अनुभव

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पोरं मेहनती आहेत आणि मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. देवगड तालुक्यात आमचं घर, मागे हापूसची शंभरेक कलमं, आईबाबा तिथे आणि मी ठाण्यात. मार्चपासून वानर आणि केलडी बागेत अशी काय उतरतात की बाबा दिवसभर काठी घेऊन फेऱ्या मारतात, म्हणून चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) बसवला आणि हे कनेक्शन घेतलं. शंभर एमबीचा प्लॅन.

आधी चांगलं सांगतो. स्पीड खरंच मिळतो, अपलोडसुद्धा, आणि कॅमेरे बाहेरून बघायचे तर अपलोडच कामाला येतो हे लक्षात ठेवा. पावसात माडाचं झाप पडून वायर तुटली तर पोरगा दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन हजर. कोकणात याहून जास्त काय मागणार.

आता रडगाणं. डीव्हीआर कंपनीचं क्लाउड अ‍ॅप पाच मिनिटं चालायचं आणि मग नुसतं गोल गोल फिरत बसायचं, म्हणून म्हटलं राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून डीव्हीआरपर्यंत यायला एक दार उघडून, सरळ आपल्या घरात शिरू. गणपतीला गेलो तेव्हा बसलो. राउटरचं सेटिंगचं पान १९२.१६८.१.१ उघडलं, मागच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकला, तर फॉरवर्डिंगचा मेनूच नाही. त्या लॉगिनने फक्त वायफायचं नाव बदलता येतं म्हणे, मोठा पासवर्ड कंपनीकडे. कॉल सेंटरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "सर, राउटर ऑफ करून ऑन करा." शेवटी लाइनवाल्या पोराला बोलावला. तो म्हणतो, "तुमचा नेट चालता मा? मग आणि काय होया?" मी म्हटलं पोर्ट उघडायचाय. तर तो बाबांकडे बघून, "पोर्ट? तां तर विजयदुर्गाक आसा." बाबा हसले, मी नाही हसलो. पण त्याने कुठेतरी फोन लावून पासवर्ड मिळवून दिला, तेवढं खरं.

पोर्ट टाकला, डीव्हीआरचा पत्ता टाकला, सेव्ह केलं. नाही. राउटर बंद-चालू केला. नाही. फायरवॉल कमी करून बघितली, तरी नाही. मग कळलं की मी घरच्याच वायफायवरून तपासतोय आणि बरेच राउटर आतूनच बाहेरचा पत्ता मारला तर दाद देत नाहीत, तपासायचं तर मोबाइल डेटावरून. मोबाइल डेटाला आमच्याकडे विहिरीच्या कठड्यावर उभं राहावं लागतं. राहिलो. तरी नाही!

दोन रात्री गेल्यावर राउटरच्या स्टेटस पानावर नजर गेली. वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) १०० पॉइंट ७२ ने सुरू होणारा, आणि नेटवर "माझा आयपी काय" बघितलं तर वेगळाच आकडा. इथेच सगळं अडलं होतं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेत. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात एकूण ४२९ कोटीच्या आसपास, त्यांचे शेवटचे गठ्ठे २०११ च्या फेब्रुवारीतच वाटून संपले, म्हणून कंपनी एकाच पत्त्यामागे बरीच घरं बसवते. त्याला सीजीनॅट म्हणतात. आमच्या वाडीची पत्रं पोस्टमन कशी सगळी नाक्यावरच्या दुकानात टाकून जातो तसं समजा. तुम्ही दुकानातून पत्र पाठवलं असेल तर त्याचं उत्तर आलं की दुकानदाराला माहीत असतं कुणाचं, तो आणून देतो. पण आपणहून कुणी पत्र पाठवलं आणि वर नुसता दुकानाचाच पत्ता, तर द्यायचं कुणाला? पडून राहतं. तसा मी माझ्या घराचं दार सताड उघडं ठेवून बसलो होतो, पत्र नाक्यावरच अडकलेलं.

माझी खरी तक्रार हीच आहे. कनेक्शन घेतानाच मी कॅमेऱ्यांसाठी पाहिजे म्हणून सांगितलं होतं, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपल्या घराचा, न बदलणारा पब्लिक पत्ता, मागितला तर महिन्याला अडीचशे वेगळे आणि चालू व्हायला तीन आठवडे. तुम्ही घेत असाल तर पैसे देण्याआधी एकच विचारा, "पब्लिक आयपी मिळेल का?" समोरचा गोंधळला तर पुढच्या माणसाकडे जा.

आयपी आला, कॅमेरे दिसले, ठाण्यात बसून बाग बघितली, जीव हरखला. चार दिवसांनी बंद. लाइट जाऊन आल्यावर डीव्हीआरला राउटरने नवीनच पत्ता दिला होता, चारचा सात झाला होता, आणि चार नंबर गेला होता टीव्हीला, म्हणजे मी अख्ख्या जगाला आईच्या सिरीयलच्या टीव्हीचं दार उघडून दिलं होतं. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारं सेटिंग) जाऊन डीव्हीआरचा पत्ता पक्का करून टाका, विसरू नका.

आणि मग डीव्हीआरचा लॉग उघडला. कुठल्या कुठल्या पत्त्यांवरून रात्रभर लॉगिनचे प्रयत्न, अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन. आमचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवलेला, एक ते सहा. २०१६ ला मिराई नावाचा प्रकार झाला होता, असलेच फॅक्टरी पासवर्डवाले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन ऑक्टोबरात ट्विटर, नेटफ्लिक्स अडवले होते. त्यात देवगडच्या बागेतला डीव्हीआर पण सामील झाला असता, मला पत्ता लागला नसता.

तो पोर्ट त्याच संध्याकाळी बंद केला. कपाटात पडलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर यायचा कुलूपबंद रस्ता) टाकलं आणि फक्त ५१८२० हा एक यूडीपी पोर्ट उघडा ठेवला. चावी नसलेल्या माणसाला ते उत्तरच देत नाही, बाहेरून खडखडवलं तरी घरात कुणी नाही असंच वाटतं. आता फोनवर बटण दाबलं की मी आमच्या घरच्या नेटवर, डीव्हीआरचं त्याचंच अ‍ॅप लोण्यासारखं चालतं. राउटरमधला यूपीएनपी पण बंद केलाय, तो चालू असला की कुठलंही यंत्र न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेतं. तो रास्पबेरी पाय इन्व्हर्टरवर ठेवा, आमच्याकडे लाइट दिवसातून चारदा जाते आणि एक मेमरी कार्ड त्यात मेलंच. विजा सुरू झाल्या की राउटरचा अ‍ॅडॅप्टर आणि लॅन केबल काढा. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही, पण मांगरापर्यंत (शेतातल्या खोपीपर्यंत) नेलेल्या तांब्याच्या केबलीतून आली आणि राउटरचे दोन पोर्ट काळे करून गेली. तसे पोर्ट उघडायला कुणाची परवानगी लागत नाही.

नेटला पाचापैकी साडेचार, कॉल सेंटरला अर्धा, तो पण फोन उचलतात म्हणून. लाइनवाल्या पोराला पाच. परवा त्याचाच फोन आला, मालवणात एका होमस्टेवाल्याचे कॅमेरे बाहेरून दिसत नाहीत. "तां तुमचा शंभराचा काय होता, ता परत एकदा सांगा बघू."