बांधकामाचे पोलाद आणि द्विमितीय प्लॅस्टिक

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत मायकेल स्ट्रॅनो यांच्या गटाने मेलामाइन या रसायनापासून तयार केलेल्या '२डीपीए-१' या प्लॅस्टिकची माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा 'पोलादाच्या दुप्पट ताकद, घनता मात्र एक षष्ठांश' हेच वाक्य सर्वत्र गाजले. ते चूक नाही, पण अपुरे आहे.

नेहमीच्या प्लॅस्टिकचे रेणू शेवयांसारखे लांब असतात. येथे मात्र ते चकत्यांसारखे सपाट वाढतात, एकावर एक बसतात आणि हायड्रोजन बंधांनी घट्ट धरले जातात. त्यामुळे या प्लॅस्टिकचा थर सुमारे ४८८ मेगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) ताण सोसतो, तर बांधकामातील साधे पोलाद २५० च्या आसपास कायमचे वाकू लागते.

ताठपणाचे गणित मात्र उलटे आहे. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, सुमारे २०० गिगापास्कल (एक गिगापास्कल म्हणजे हजार मेगापास्कल), तर या प्लॅस्टिकचा १३ च्या आसपास. म्हणजे त्याच मापाची तुळई तुटणार नाही कदाचित, पण त्याच भाराखाली सुमारे पंधरापट लवेल, आणि लवणाऱ्या पुलावरून जायला कोण तयार होईल? शिवाय हे आकडे नॅनोमीटरमध्ये मोजायच्या पापुद्र्यांवरचे आहेत. पोलाद वितळवता येते, जोडता येते, तुटण्याआधी ते वाकून इशारा देते.

माझ्या मते या प्लॅस्टिकची खरी जागा पोलादाऐवजी नव्हे, तर पोलादावर आहे: वायूही आरपार न जाऊ देणारा पातळ लेप म्हणून, गंज रोखण्यासाठी.