आयबीएमचं स्मार्टर सिटीज चॅलेंज: धनादेश न देणारं अनुदान

कंपनीकडून महापालिकेला अनुदान म्हटलं की धनादेश डोळ्यासमोर येतो. स्मार्टर सिटीज चॅलेंज या कार्यक्रमात धनादेश नव्हताच. 2010 मध्ये आयबीएम या संगणक कंपनीने 3 वर्षांत 100 शहरांना मिळून 5 कोटी डॉलर किमतीची सल्लासेवा देऊ केली, पुढे मुदतही वाढली. 2015 च्या 16 शहरांत सुरत, अलाहाबाद आणि विशाखापट्टणम होती. अर्ज केलेल्यांतून निवडलेल्या शहरात कंपनीचे पाच-सहा तज्ज्ञ 3 आठवडे राहायचे, अधिकारी, नागरिक आणि संस्थांशी बोलायचे आणि शेवटी शिफारशींचा अहवाल द्यायचे.

सेवा म्हणून ही मांडणी चोख होती. बाहेरच्या माणसासमोर विभागप्रमुख मोकळेपणाने बोलतात आणि एरवी एकत्र न बसणारे विभाग एका टेबलावर येतात. अर्जातला प्रश्न नेमका असला तर 3 आठवडे पुरतात. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराने विचारलं होतं की तातडी नसतानाही रुग्णवाहिकेसाठी येणारे कॉल कमी कसे करायचे. अशा प्रश्नाला आकडा लावता येतो. 'शहर स्मार्ट करायचं आहे' असा अर्ज केला तर पहिला आठवडा प्रश्न शोधण्यातच जातो.

घोडं अडतं ते माहितीपाशी. करविभागाकडे मालमत्ता क्रमांक, पाणीपुरवठ्याकडे ग्राहक क्रमांक आणि तक्रारीच्या नोंदीत 'शाळेच्या मागची गल्ली'. या तिन्हींना जोडणारा समान दुवा नसेल, तर कितीही भारी डॅशबोर्ड (सगळे आकडे एकत्र दाखवणारा पडदा) बसवला तरी तो तीन वेगवेगळ्या शहरांचे आकडे दाखवतो. अर्ज करण्याआधी दोन विभागांच्या 200 नोंदी काढून हाताने जुळवून पाहाव्यात. निम्म्याही जुळल्या नाहीत, तर पत्त्यांची सफाई आधी आणि अनुदान नंतर. माहिती पीडीएफमध्ये स्कॅन करून ठेवली असेल तर ती नाहीच असं समजून चालावं.

तक्रारींचे आकडे तर आणखी फसवे. एका विभागाने तक्रार दुसऱ्याकडे 'वर्ग' केली की बऱ्याच प्रणालींत ती बंद झाल्याचं दिसतं, आणि सरासरी वेळ कागदावर झकास येतो. वेळ पहिल्या नोंदीपासून नागरिकाच्या होकारापर्यंत मोजायला हवा. हा एक नियम बदलला तरी अर्ध्या विभागांची कामगिरी एका रात्रीत 'खालावते', म्हणून त्याला विरोधही तिथूनच होतो.

या सेवेची खरी उणीव तज्ज्ञ परत गेल्यावर कळते. शिफारशी तज्ज्ञांच्या, अंमलबजावणी शहराची, खर्चही शहराचाच. सॉफ्टवेअरचे परवाने, सर्व्हर, एसएमएस, सेन्सरमधल्या सिमचं भाडं, बॅटऱ्या, दुरुस्तीचा माणूस: यांच्यासाठी अंदाजपत्रकात लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, नसेल तर अहवाल कपाटात जातो. पथक येण्याआधीच पुढच्या 2 वर्षांच्या चालू खर्चाची तरतूद मंजूर करून घ्यावी आणि प्रत्येक शिफारशीसमोर एका अधिकाऱ्याचं पद लिहावं. नाव लिहून उपयोग नाही, बदली होते.

फुकट सल्ला देणारी कंपनी उद्या निविदाही भरू शकते, हे इथे विसरून चालत नाही. म्हणून अहवालातल्या तांत्रिक अटी जशाच्या तशा निविदेत उतरवू नयेत. एकाच उत्पादनाला चपखल बसणारी अट दिसली की ती कामगिरीच्या भाषेत लिहावी: किती वेळात उत्तर, किती नोंदी, कुठल्या खुल्या स्वरूपात माहिती बाहेर काढता येईल.

करारात दोन कलमं सोडू नयेत. माहितीची मालकी महापालिकेची, आणि करार संपताना सगळ्या नोंदी सीएसव्हीमध्ये (कुठल्याही प्रणालीत उघडणारा साधा तक्ता), तक्त्यातल्या स्तंभांच्या अर्थासह, ठरलेल्या मुदतीत परत. स्तंभांचे अर्थ बहुतेक वेळा राहूनच जातात, आणि मग 'एसटी 4' या संकेतांकाचा अर्थ काम पूर्ण की काम रद्द, हे सांगायला कुणीच उरत नाही.

अर्जदार शहरांसाठी शिफारस: प्रश्न एक, माहिती तयार आणि पैसा आधी ठरलेला असेल तर अशा सल्लासेवेसाठी जरूर अर्ज करा. लहान नगरपालिकेने मात्र सल्ल्याऐवजी माहितीची सफाई करून देणारा माणूस मागावा; बहुतेक कंपन्या तो देत नाहीत, कारण त्या कामाचा फोटो काढता येत नाही.